सहा बिंदू, वीस त्रिकोण



अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल नावाची एक टेकडी आहे. टेकडी म्हणायचे, पण खरे तर तो काळ्या दगडाचा सुमारे २०० फूट उंच, सरळ उभा कडा आहे. वर देवीचे मंदिर आहे आणि तिथे जायला पायऱ्या आहेत. कधी तिकडे गेलात तर पायऱ्या चढण्याआधी खाली थोडे थांबा आणि कड्याकडे नीट बघा. एकाला एक चिकटवून उभे ठेवलेले दगडी खांब तुम्हांला दिसतील. ते कोणी घडवलेले नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीखालून लाव्हारस वर आला. तो हळूहळू थंड झाला आणि आकसला. चिखल वाळताना त्याला भेगा पडतात, तशाच भेगा या दगडाला पडल्या आणि त्या भेगांनी दगडाचे खांब झाले. असा एखादा खांब आडवा कापला, तर त्याच्या तोंडाला कुठे पाच बाजू असतात, कुठे सहा.

अशा आकृतीला मराठीत बहुभुज म्हणतात. सहा बाजू असतील तर षटकोन. तुम्ही गणित उर्दूत शिकता, त्यामुळे हे शब्द तुम्हांला नवे वाटतील. पण त्यांच्या जोडीचे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. त्रिकोण म्हणजे मुसल्लस, चौरस म्हणजे मुरब्बा, पंचकोन म्हणजे मुखम्मस आणि षटकोन म्हणजे मुसद्दस. सहा-सहा मिसऱ्यांच्या बंदांची कविता तुम्ही उर्दूच्या तासाला वाचता, तिलाही आपण मुसद्दसच म्हणतो. हालींची मुसद्दस तर प्रसिद्धच आहे. कवितेतले सहा मिसरे आणि भूमितीतल्या सहा बाजू, दोन्हीकडे शब्द एकच.

ज्या बहुभुजाच्या सर्व बाजू सारख्या आणि सर्व कोनही सारखे असतात, त्याला सुसम बहुभुज म्हणतात. गिल्बर्ट हिलचे खांब इतके नेटके नाहीत. कुणाची एक बाजू आखूड, कुणाची लांब. सुसम षटकोन मात्र तुम्ही वहीत सहज काढू शकता. कंपासने एक वर्तुळ काढा. कंपासचे अंतर न बदलता परिघावर एकापुढे एक खुणा करा. सहावी खूण झाली की तुम्ही बरोबर सुरुवातीच्या जागी परत येता. या सहा बिंदूंना अ, ब, क, ड, इ, फ अशी नावे द्या.

आता प्रश्न असा, की या सहा शिरोबिंदूंपैकी कोणतेही तीन घेऊन जोडले, तर एकूण किती त्रिकोण तयार होतील?

पुढचे वाचण्याआधी वहीत प्रयत्न करून बघा. मी हा प्रश्न नववीच्या वर्गात विचारला होता. मुलांनी रेघा ओढायला सुरुवात केली. थोड्या वेळाने कोणी १७ म्हणाले, कोणी २३, कोणी १८. रेघांचे इतके जाळे झाले, की कोणता त्रिकोण मोजला आणि कोणता राहिला हेच कळेना. एका मुलीने मात्र एकही रेघ ओढली नव्हती. ती म्हणाली, "सर, एकशेवीस!"

तिने विचार असा केला होता. पहिला बिंदू सहापैकी कोणताही घेता येतो, म्हणून ६ प्रकार. दुसऱ्यासाठी पाच बिंदू उरतात, तिसऱ्यासाठी चार. म्हणून ६ × ५ × ४ = १२०. वर्ग हसला, कारण १२० त्रिकोण त्या आकृतीत मावणार नाहीत हे सर्वांना दिसत होते. पण मला ते उत्तर १७ आणि २३ पेक्षा जास्त आवडले. १७ म्हणणाऱ्याला आपले काय चुकले हे सांगता येत नव्हते. या मुलीची चूक मात्र शोधता येण्यासारखी होती.

ती चूक आपण शोधू या. अ, ब, क हे तीन बिंदू घ्या. त्यांचा त्रिकोण एकच. पण तिच्या मोजणीत तो अबक म्हणून आला, अकब म्हणून आला, तसेच बअक, बकअ, कअब, कबअ म्हणूनही आला. एकच त्रिकोण सहा वेळा मोजला गेला. प्रत्येक त्रिकोणाचे असेच झाले. म्हणून १२० ला ६ ने भागायचे. उत्तर आले २०.

खात्री करून घ्यायची आहे? मग दुसऱ्या वाटेने जाऊ. आधी अ असलेले त्रिकोण मोजा. अ च्या जोडीला उरलेल्या पाच बिंदूंतून दोन हवेत. अशा जोड्या १० होतात. आता अ पुसून टाका. ब असलेले त्रिकोण मोजा. उरलेल्या चार बिंदूंतून जोड्या ६. मग ब पुसा. क असलेले ३. शेवटी ड, इ, फ यांचा १. एकूण १० + ६ + ३ + १ = २०. दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचलो, तर रस्ता बरोबर असल्याचा विश्वास वाटतो.

इथे एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? या मोजणीत षटकोन सुसम असण्याचा काहीच उपयोग झाला नाही. गिल्बर्ट हिलचा वेडावाकडा सहाबाजूंचा खांब घेतला, तरी त्रिकोण वीसच होतील. अट एकच आहे: कोणतेही तीन बिंदू एका सरळ रेषेत नकोत. तीन दिव्यांचे खांब सरळ रस्त्याच्या कडेला एका ओळीत उभे असतील, तर ते जोडून त्रिकोण होत नाही, नुसती रेघ होते. बहुभुजाच्या शिरोबिंदूंत, तो आत दबलेला नसेल तर, असे होत नाही.

ही रीत लहान आकृत्यांवर तपासून बघा. चौरसाचे चार शिरोबिंदू: ४ × ३ × २ भागिले ६, म्हणजे ४ त्रिकोण. पंचकोनाचे ५ × ४ × ३ भागिले ६, म्हणजे १०. हे त्रिकोण बोटांवर मोजता येतात, त्यामुळे रीत खोटी असती तर इथेच पकडली गेली असती.

ही रीत मी शोधलेली नाही, हे सांगायला नकोच. ती फार जुनी आहे आणि तिचा आपल्या महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. भास्कराचार्य या गणितज्ञाचा जन्म १११४ साली झाला. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण नावाचे ठिकाण आहे. तिथल्या देवळात १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ सुरू केला, असे त्या लेखावरून कळते. मठ म्हणजे त्या काळची शाळाच. आजोबांच्या पुस्तकांसाठी नातवाने शाळा काढावी, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ग्रंथात ‘लीलावती’ हा अंकगणिताचा भाग आहे. त्यात त्यांनी एक गोड उदाहरण दिले आहे. एका राजाचा सुंदर, प्रशस्त महाल आहे. त्याला आठ झरोके आहेत. एका वेळी एक झरोका उघडा ठेवायचा, किंवा दोन, किंवा तीन, असे आठपर्यंत. तर प्रत्येक वेळी किती वेगवेगळ्या रीती होतील? त्यांची रीत अशी: वरच्या ओळीत ८, ७, ६, ५ असे उतरते आकडे लिहा, खालच्या ओळीत १, २, ३, ४ असे चढते लिहा. एक झरोका हवा तर ८ भागिले १. दोन हवे तर त्याला ७ ने गुणून २ ने भागा, म्हणजे २८. तीन हवे तर आणखी ६ ने गुणून ३ ने भागा, म्हणजे ५६. पुढे ७०, मग ५६, २८, ८ आणि १. सगळ्यांची बेरीज २५५.

त्यातला ५६ हा आकडा लक्षात ठेवा. आठ झरोक्यांतून तीन निवडणे आणि अष्टकोनाच्या आठ शिरोबिंदूंतून तीन निवडणे, हे एकच काम आहे. म्हणजे अष्टकोनात ५६ त्रिकोण. भास्कराचार्यांनी महालाचे उदाहरण घेतले, त्रिकोणांचे नाही. जोडणी मी केली आहे. पण बहुभुज त्यांनाही प्रिय होते. त्याच ‘लीलावती’त वर्तुळात बसणाऱ्या सुसम त्रिकोणापासून नवकोनापर्यंतच्या बाजूंची मापे दिली आहेत. व्यास १,२०,००० असेल तर षटकोनाची बाजू ६०,०००. म्हणजे बरोबर अर्धा व्यास. आपण कंपासचे अंतर न बदलता षटकोन काढला, तो याच कारणामुळे जमला.

आणि आता तुमच्या घरच्या भाषेजवळची गोष्ट. अकबर बादशाहाच्या दरबारात फैजी नावाचा मोठा कवी होता. अबुल फजलचा भाऊ. बादशाहाच्या हुकमावरून त्याने १५८७ साली ‘लीलावती’चे फारसीत भाषांतर केले. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी होती, घटिकापात्रात मोती पडून तिच्या लग्नाची वेळ चुकली आणि तिची समजूत घालण्यासाठी वडिलांनी हे पुस्तक लिहिले, ही कथा फैजीने प्रस्तावनेत सांगितली आहे. कथा खरी असेलच असे नाही. पण एका कवीने गणिताचे पुस्तक भाषांतरासाठी हातात घेतले, हे खरे आहे. मुसल्लस आणि मुसद्दस दोन्हीकडे चालतात, हे त्याला नक्की ठाऊक असणार!

आता वर्गात परत येऊ. षटकोनावर मुलांचे समाधान झाले, तेव्हा मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवले. घड्याळावर १ ते १२ आकडे सारख्या अंतरावर असतात. म्हणजे तो सुसम बारा कोनांचा बहुभुज झाला. एकूण त्रिकोण १२ × ११ × १० भागिले ६, म्हणजे २२०. हे सर्वांना आले. मग मी विचारले, "यांपैकी समद्विभुज किती?" ज्याच्या दोन बाजू सारख्या असतात, तो समद्विभुज त्रिकोण. तिन्ही बाजू सारख्या असलेला समभुज त्रिकोणही आपण त्यातच धरायचा.

या प्रश्नाला मात्र सुसम असणे लागतेच. बाजू सारख्या आहेत की नाहीत, हे बिंदूंची अंतरे सारखी असल्याशिवाय मोजून कसे सांगणार?

मी फळ्यावर उत्तर लिहिले. वरचे टोक १२ वर ठेवा. खालची दोन टोके डावी-उजवीकडे सारख्या अंतरावर हवीत: ११ आणि १, १० आणि २, ९ आणि ३, ८ आणि ४, ७ आणि ५. अशा पाच जोड्या झाल्या. वरचे टोक १२ जागी ठेवता येते. म्हणून १२ × ५ = ६०. खडू खाली ठेवला आणि हात झटकले.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "सर, माझे ५२ येतात." तो एरवी फारसा बोलत नसे. मी म्हणालो, "पुन्हा मोज," आणि त्याला बसायला सांगितले. तास संपत आला होता, मला पुढचे उदाहरण घ्यायचे होते. तो बसला. पण त्याने पुन्हा मोजायला वही उघडली नाही, हे माझ्या डोळ्यांनी टिपले. आपले उत्तर बरोबर असल्याची त्याला खात्री असावी.

घरी जाताना लोकलमध्ये उभ्या-उभ्या माझ्या मनात तो ५२ फिरत राहिला. ६० आणि ५२ यांत आठाचा फरक. आठ कुठून आले? बोरिवली यायच्या आत मला कळले, आणि लाज वाटली. १२, ४ आणि ८ या आकड्यांचा त्रिकोण घ्या. तो समभुज आहे. वरचे टोक १२ धरले तेव्हा मी तो मोजला. टोक ४ धरले तेव्हा पुन्हा मोजला. ८ धरले तेव्हा तिसऱ्यांदा. असे समभुज त्रिकोण घड्याळावर चार आहेत. प्रत्येक तीनदा मोजला गेला, म्हणजे दोनदा जास्त. चार दुणे आठ. साठातून आठ गेले, उरले ५२. सकाळी १२० म्हणणाऱ्या मुलीला जी चूक मी समजावून सांगितली, तीच चूक दुपारी मी स्वतः केली होती.

दुसऱ्या दिवशी तासाच्या सुरुवातीलाच मी फळ्यावर ६० लिहून त्यावर काट मारली आणि वर्गाला सांगितले, की काल माझे चुकले होते, याचे बरोबर होते. मग त्या मुलाला वही घेऊन पुढे बोलावले. त्याची रीत माझ्यापेक्षा चांगली होती, म्हणून ती इथे सांगतो.

त्याने टोके मोजलीच नव्हती. टोकांमधले तास मोजले होते. घड्याळावर त्रिकोणाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत किती तास, दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत किती, आणि तिथून परत पहिल्यापर्यंत किती. तिन्हींची बेरीज नेहमी १२. म्हणून १२ चे तीन भाग किती प्रकारे करता येतात, एवढेच त्याने लिहून काढले. तिन्ही भाग सारखे: ४-४-४. दोन सारखे: १-१-१०, २-२-८, ३-३-६, ५-५-२. तिन्ही वेगळे: १-२-९, १-३-८, १-४-७, १-५-६, २-३-७, २-४-६, ३-४-५. सगळे मिळून आकार फक्त १२. दोनशेवीस त्रिकोणांची गर्दी त्याने बारा आकारांत बसवली.

आता एकेक आकार घड्याळावर किती ठिकाणी बसतो? कागदाचा त्रिकोण कापून घड्याळावर ठेवा आणि एकेक तास फिरवा. ५-५-२ हा आकार बारा जागी बसतो. त्याला उलटा केला तरी नवीन काही मिळत नाही. म्हणून १२. तिन्ही भाग वेगळे असलेला ३-४-५ हा आकार फिरवून १२ जागी बसतो आणि कागद उलटा करून आणखी १२ जागी. म्हणून २४. ४-४-४ मात्र चार तास फिरवला की स्वतःवरच येऊन बसतो, म्हणून तो फक्त ४ जागी.

तर समभुज ४. बाकीचे समद्विभुज चार आकारांचे, प्रत्येकी १२, म्हणजे ४८. दोन्ही मिळून ५२. विषमभुज सात आकारांचे, प्रत्येकी २४, म्हणजे १६८. आणि ५२ + १६८ = २२०. एकही त्रिकोण सुटला नाही, एकही दोनदा आला नाही.

मुलांना त्याची यादी इतकी आवडली, की त्यांनी तिच्यातून आणखी एक प्रश्न सोडवला. काटकोन त्रिकोण किती? अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, हे तुम्ही भूमितीत शिकाल किंवा शिकला असाल. घड्याळावर अर्धवर्तुळ म्हणजे सहा तास. म्हणून ज्या आकारात ६ आहे, तोच काटकोन त्रिकोण: ३-३-६, १-५-६ आणि २-४-६. म्हणजे १२ + २४ + २४ = ६०. दुसऱ्या वाटेनेही बघा: समोरासमोरच्या आकड्यांच्या ६ जोड्या, प्रत्येक जोडीला तिसरा बिंदू १० प्रकारे, म्हणून ६०. हे साठ बरोबर आहेत. इथे कोणी दोनदा मोजला गेलेला नाही, कारण एका त्रिकोणात दोन काटकोन असूच शकत नाहीत. ज्या आकारात सहापेक्षा मोठा भाग आहे तो विशालकोन त्रिकोण आणि जिथे तिन्ही भाग सहापेक्षा लहान तो लघुकोन त्रिकोण. ते किती, हे यादीवरून तुम्हीच काढा. दोन्हींची बेरीज १६० आली पाहिजे.

शेवटी त्या ५६ कडे परत जाऊ. आगऱ्याच्या किल्ल्यात मुसम्मन बुर्ज आहे. मुसम्मन म्हणजे अष्टकोनी. अशा आठ कोनांत त्या मुलाच्या रीतीने आकार शोधा. ८ चे तीन भाग: १-१-६, २-२-४, ३-३-२, १-२-५, १-३-४. पाचच आकार. पहिले तीन प्रत्येकी ८ जागी, शेवटचे दोन प्रत्येकी १६ जागी. २४ + ३२ = ५६. भास्कराचार्यांच्या महालाचेच उत्तर. यात समभुज त्रिकोण एकही नाही, कारण आठाचे तीन सारखे भाग होत नाहीत.

आमच्या वर्गाने ही यादी केली, तेव्हा १२० म्हणणाऱ्या मुलीने विचारले, की भास्कराचार्यांच्या आकड्यांत ५६ दोनदा का येतो? तीन झरोक्यांसाठीही ५६ आणि पाचांसाठीही ५६. मग तिनेच उत्तर दिले. आठांपैकी तीन झरोके उघडले की पाच आपोआप बंद राहतात. त्रिकोणासाठी तीन बिंदू निवडले की उरलेल्या पाचांचा एक पंचकोन होतो. म्हणून अष्टकोनात जितके त्रिकोण, तितकेच पंचकोन.